‘उपाय उरला नाही’ हे कोणी पाहिले?

इच्छामरणाचा विषय मराठीत निघाला की तो रुग्णाच्या खाटेपाशी फार वेळ थांबत नाही. चार वाक्यांत तो आळंदीला जाऊन पोहोचतो. ज्ञानेश्वरांची १२९६ सालची समाधी, सावरकरांनी १९६६च्या फेब्रुवारीत मुंबईत केलेले प्रायोपवेशन, १९८२च्या नोव्हेंबरात विनोबांनी पवनारला केलेला अन्नपाण्याचा व औषधांचा त्याग, ही उदाहरणे ओळीने येतात, आणि ती आली की प्रश्न सुटला असे मानून एक पक्ष उठून जातो. दुसरा पक्ष आत्मघात निषिद्ध ठरवणारी वचने बाहेर काढतो, समाधी आणि आत्महत्या यांतला भेद समजावतो आणि तोही प्रश्न सुटला असेच मानतो. दोन्ही बाजूंना आधारवचनांची वाण नाही. ज्याच्या मरणाविषयी हे सारे चालले आहे तो मनुष्य मात्र त्या वादात कोठेच आढळत नाही.

थोरांच्या मरणाविषयी आम्हांला येथे काही म्हणायचे नाही. त्यांचा दाखला सामान्यांना कितपत लागू पडतो, एवढाच प्रश्न आहे. तालुक्याच्या गावी कर्करोगाने जर्जर झालेली एखादी वृद्धा ‘आता मला सोडवा’ असे म्हणते, तेव्हा आळंदीचे उदाहरण तिच्या मुलाला फारसे उपयोगी पडत नाही. तिला नेमके काय होते आहे, ‘सोडवा’ म्हणताना तिला वेदनेतून सुटका हवी होती की आयुष्यातून, आदल्या रात्री तिला झोप लागली होती काय, दुखणे थांबवणारे औषध तिला मिळाले होते काय, घरात तिचे ओझे होत असल्याचे कोणी तिला सुचवले होते काय, हे आधी कळावे लागते. असे प्रश्न एकीला नव्हे तर शेकडो रुग्णांना, शिस्तीने आणि नोंद ठेवून विचारणे यालाच अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणतात. मरणाविषयीच्या धार्मिक नीतिविचारात त्याला काही स्थान आहे की नाही, याविषयी आमचे मत आम्ही येथे मांडणार आहो.

स्थान नाही, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. ‘श्रद्धेच्या प्रांतात आकडेवारीचे काय काम?’ असा त्यांचा प्रश्न असतो. त्यामागे एक भक्कम तत्त्व आहे आणि ते आम्हांला मान्य आहे. ‘आहे’ यावरून ‘असावे’ हे निघत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकात दाखवून दिले. शंभरांतले नव्वद लोक एखादी गोष्ट करतात एवढ्यावरून ती धर्म्य ठरत नाही. ठरत असती तर लाचलुचपत केव्हाच पुण्यकर्म झाली असती. तेव्हा लोकांची मते मोजून इच्छामरण योग्य की अयोग्य हे ठरवू पाहणाऱ्यांशी आमचेही पटत नाही.

परंतु या तत्त्वाच्या आडोशाने एक वेगळीच गोष्ट खपवली जाते. धर्माचा नीतिविचार निव्वळ ‘असावे’च्या भाषेत कधीच बोलत नाही. त्याच्या प्रत्येक निर्णयात ‘आहे’च्या स्वरूपाची दोनतीन विधाने गृहीत धरलेली असतात: रोग असाध्य आहे, वेदना दुसऱ्या कशाने शमत नाही, मागणी स्वेच्छेची आहे, एकदा दार उघडले की दुर्बळांचा बळी जाईल. ही विधाने श्रद्धेची नव्हेत. ती खरी असतील किंवा खोटी असतील, आणि खरी की खोटी हे पोथी उघडून कळत नाही, पाहावे लागते. विधान वस्तुस्थितीचे करायचे आणि पुरावा मागितला की श्रद्धेच्या गाभाऱ्यात जाऊन बसायचे, ही रीत कोणत्याही धर्माच्या पंडिताला शोभणारी नाही.

याचे नमुनेदार उदाहरण कॅथलिक परंपरेत सापडते, आणि ते तिच्या बाजूने मांडण्यासारखे आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली वैद्यकांपुढे केलेल्या दोन भाषणांत दोन गोष्टी सांगितल्या. वेदना शमवण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी दुसरा मार्ग नसेल आणि हेतू वेदनाशमनाचाच असेल तर ते देण्यास प्रत्यवाय नाही, ही पहिली. असाधारण उपायांनी जीव धरून ठेवण्याची सक्ती कोणावर नाही, ही दुसरी. याच संदर्भात त्यांनी आणखी एक कबुली दिली. मृत्यू नेमका कोणत्या क्षणी झाला, हे ठरवणे चर्चच्या अधिकारात येत नाही, ते वैद्यांचे काम आहे. आपला अधिकार कोठे संपतो हे स्वतः सांगणारा धर्माधिकारी विरळा. म्हणूनच हे वाक्य आम्हांला मोलाचे वाटते.

पुढे काय झाले? मॉर्फिनने मरण जवळ येते, हे पहिल्या उपदेशातले गृहीत पुढच्या पिढीने तपासून पाहिले. २००३ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त त्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. योग्य मात्रेत, जाणकार हातांनी दिलेल्या अफूजन्य औषधांनी आयुष्य घटल्याचा पुरावा दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पोपचे तत्त्व त्यामुळे खोटे पडले नाही. ते लावण्याचे प्रसंग मात्र वाटत होते त्याहून फारच थोडे निघाले. ‘पाप लागेल’ म्हणून मॉर्फिन लिहून देताना कचरणाऱ्या डॉक्टरच्या हाताला त्या संशोधनाने जो धीर दिला, तो कोणत्याही टीकाग्रंथाने दिला नसता.

आता आपल्याकडे येऊ. धर्मशास्त्रात स्वेच्छामरणाला सरसकट मुभा नाही आणि सरसकट बंदीही नाही. अत्रिस्मृतीत अपवाद सांगितला आहे तो अशा वृद्धाचा, ज्याला शौचाशौचाचे भान उरलेले नाही आणि ज्याच्या बाबतीत वैद्यांचे उपचार खुंटले आहेत. (पुढे कलिवर्ज्य प्रकरणात असे मार्ग बंद करण्यात आले, तो इतिहास वेगळा.) जैन परंपरेत समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेचे प्रसंग सांगितले आहेत: उपसर्ग, दुर्भिक्ष, वार्धक्य आणि रोग. पण या सर्वांना एक विशेषण जोडलेले आहे, ‘निष्प्रतिकार’. ज्याचा प्रतिकार होऊ शकत नाही असा दुष्काळ, ज्यावर उपाय नाही असा रोग.

वाचकांनी या विशेषणापाशी क्षणभर थांबावे. अनुज्ञेचा सारा भार त्याच्यावर आहे, आणि ते वस्तुस्थितीचे विशेषण आहे. त्याचा अर्थ कोशात मिळेल. एखादा रोग निष्प्रतिकार आहे की नाही हे मात्र कोशात मिळणार नाही. समंतभद्रांच्या काळी जे दुखणे निष्प्रतिकार होते, ते आज गोळ्यांच्या एका पुडीने बरे होते. उलट, त्या काळी ज्या अवस्थेत मनुष्य दोन दिवसांत निवर्तला असता, त्या अवस्थेत आज तो यंत्राच्या आधाराने महिनोन्‌महिने राहू शकतो. शब्द तोच राहिला, त्याखाली येणारी माणसे बदलली. ती कोण, हे पाहिल्यावाचून शास्त्रार्थ पुरा होत नाही. म्हणजे पाहण्याची ही जबाबदारी बाहेरच्या कोणी सुधारकाने शास्त्रावर लादलेली नाही. ती शास्त्राने स्वतःच सांगितलेली आहे.

याच सल्लेखनेवर, म्हणजे संथाऱ्यावर, राजस्थान उच्च न्यायालयात २००६ साली याचिका दाखल झाली. वृद्धांवर, विशेषतः स्त्रियांवर दबाव येतो, घराण्याची प्रतिष्ठा वाढते म्हणून कुटुंबे त्यांना या मार्गाला लावतात, असा आरोप होता. हे व्रत पूर्णतः स्वेच्छेचे आणि समताभावाचे आहे, असे उत्तर होते. १० ऑगस्ट २०१५ रोजी न्यायालयाने निकाल दिला. ही प्रथा जैन धर्माचे अनिवार्य अंग असल्याचे सिद्ध झाले नाही, असे त्यात म्हटले होते, आणि तेव्हाच्या दंडविधानातील आत्महत्येच्या कलमांखाली तिच्यावर कारवाई करावी असा आदेश होता. देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

या प्रकरणात वाद कसा वळला ते पाहण्यासारखे आहे. आरोप दबावाचा होता, म्हणजे घडण्या-न घडण्याचा होता. चर्चा मात्र जाऊन पोहोचली ती ‘अनिवार्य अंग’ या प्रश्नावर, आणि तो ग्रंथांचा प्रश्न आहे. दबाव येतो की नाही हे ग्रंथ कसे सांगणार? संथाऱ्याची गोष्ट पहिल्यांदा कोणी काढली? त्या व्यक्तीला आधी कोणते उपचार मिळाले होते? मधेच पाणी मागितले असते तर ते देण्याची घरच्यांची मानसिक तयारी होती काय, की तोवर निमंत्रणे गेली होती? बायका आणि पुरुष, सधन आणि निर्धन, सधवा आणि विधवा यांच्या बाबतीत उत्तरे निराळी येतात काय? हे विचारण्यात व्रताचा अवमान नाही. ते निर्मळ असेल तर या प्रश्नांनी त्याची निर्मळता सिद्ध होईल, आणि कोठे मळ असेल तर तो काढण्याची पहिली गरज त्या व्रताच्या उपासकांनाच वाटायला हवी.

परंपरेला हे परके आहे असेही नाही. तत्त्वार्थसूत्रात सल्लेखनेचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत जगण्याच्या आसक्तीच्या जोडीला ‘मरणाशंसा’, म्हणजे मरणाची आस, हीसुद्धा आहे. लवकर सुटावे म्हणून जो मरण इच्छितो त्याचे व्रत तेवढ्यापुरते सदोष ठरते. शिवार्यांच्या भगवती आराधनेत मरणोन्मुख साधकाच्या सेवेला ४८ निर्यापक सांगितले आहेत. मरणाऱ्याचे मन डळमळते, त्याच्यावर रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसे हवीत, हे त्या आचार्यांना पुरते ठाऊक होते.

नेमका हाच विषय कॅनडातील हार्वी चोचिनोव्ह या मनोविकारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासला. असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील २०० रुग्णांशी बोलून त्यांनी १९९५ साली निष्कर्ष मांडले. मरण लवकर यावे असे अधूनमधून वाटणारे जवळजवळ निम्मे होते. ती इच्छा गंभीर आणि सततची असणारे ८.५ टक्के. त्या ८.५ टक्क्यांतल्या ५८.८ टक्के रुग्णांना नैराश्याचा विकार होता, तर उरलेल्या रुग्णांत त्याचे प्रमाण ७.७ टक्के होते. १९९९ साली त्याच चमूने दाखवले की मरणासन्न रुग्णांची जगण्याची इच्छा बारा तासांच्या अंतरातही बरीच वरखाली होते. ‘मरणाशंसा’ आणि ‘समताभाव’ हे दोन वेगळे आहेत असे शास्त्र म्हणते. या दोहोंना खाटेपाशी ओळखावे कसे, याची काही साधने या संशोधनाने दिली. एखाद्या आचार्याने त्यांकडे पाठ फिरवली तर तो आपल्याच शास्त्राकडे पाठ फिरवतो, असे आम्ही म्हणू.

येथवर वाचून इच्छामरणाचे पुरस्कर्ते सुखावले असतील, तर त्यांच्याही पदरात थोडे घालू. असह्य शारीरिक वेदना हा त्यांचा मुख्य आधार. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९७ पासून मरणासन्न रुग्णाला डॉक्टरकडून प्राणघातक औषध लिहून घेण्याची मुभा आहे, आणि तेथील आरोग्यखाते दरवर्षी अहवाल काढते. डॉक्टरांनी नोंदवलेल्या कारणांत वर्षानुवर्षे वरचा क्रमांक स्वायत्तता गमावण्याचा आहे. दर दहांतल्या सुमारे नऊ रुग्णांच्या बाबतीत तो नोंदला जातो. वेदना किंवा वेदनेची धास्ती हे कारण साधारण चौथ्या हिश्श्यात, किंवा थोडे अधिक, दिसते. म्हणजे मागणीच्या मुळाशी बहुधा परावलंबनाचे दुःख असते. दुसऱ्यावर अवलंबून राहण्यात मानवाची अप्रतिष्ठा आहे काय? या प्रश्नावर धर्मांना पुष्कळ सांगता येईल. किंबहुना सेवा घेणे आणि सेवा देणे याविषयी त्यांच्याइतके दुसऱ्या कोणी बोललेले नाही. पण वेदनेच्या चित्रावर डोळे खिळलेले असताना हा खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो.

विरोधकांचा आवडता युक्तिवाद घसरगुंडीचा. एकदा परवानगी दिली की मागणी न केलेल्यांनाही मारले जाईल, असे ते सांगतात. हेही भविष्याविषयीचे विधान आहे, आणि नेदरलँड्समध्ये १९९० पासून ठरावीक वर्षांनी मृत्युदाखल्यांवरून झालेल्या पाहण्या त्यावर उजेड टाकतात. १९९० साली एकूण मृत्यूंत इच्छामरणाचे प्रमाण १.७ टक्के होते, २०१५ साली ते ४.५ टक्के झाले. स्पष्ट मागणीवाचून आयुष्य संपवल्याचे प्रमाण मात्र याच काळात ०.८ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आले. यातून काय घ्यायचे? ज्यांना मागणी न केलेल्यांची चिंता होती त्यांना दुसऱ्या आकड्याने थोडा दिलासा मिळावा; ज्यांना समाजाच्या मरणाविषयीच्या दृष्टीची चिंता होती त्यांना पहिल्या आकड्याने विचारात पाडावे. दोन्ही आकडे एकत्र मांडणारा धर्मपंडित किंवा सुधारक आमच्या पाहण्यात फारसा येत नाही. जो तो आपल्या सोयीचा आकडा उचलतो.

मग शेवटी आकड्यांचाच विजय झाला काय? नाही. मोजणाऱ्यांनाही चार शब्द सुनावणे आम्हांला भाग आहे. प्रश्नावलीत ‘धर्म’ असा एक रकाना असतो आणि त्यात ‘हिंदू’ ही एक खूण. पंढरीचा वारकरी, काशीवासाची आस धरून बसलेला वृद्ध आणि सणासुदीपुरता देवघरात डोकावणारा इंजिनिअर, तिघेही त्या खुणेत एकजीव होतात, आणि मग ‘इतके टक्के हिंदूंचा पाठिंबा’ असा निष्कर्ष छापून येतो. ‘असह्य वेदना होत असतील तर’ अशी सुरुवात करून धडधाकट महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मत विचारले जाते. त्या मताचा मरणासन्न माणसाच्या मनाशी संबंध कोणता? श्रद्धाळू रुग्ण मरणाला शांतपणे सामोरा जातो, ही समजूत घ्या. २००९ साली अमेरिकेतील ३४५ कर्करोगग्रस्तांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराला तोंड देताना धर्माचा अधिक आधार घेणाऱ्यांपैकी ११.३ टक्के रुग्ण अखेरीस कृत्रिम श्वसनयंत्रावर होते, तर तसा आधार कमी घेणाऱ्यांपैकी ३.६ टक्के. समजुतीला धक्का देणारी ही गोष्ट खरी. पण ती ज्या समाजातली आहे तेथील देव चमत्काराने बरे करणारा आहे. ती उचलून देहू-आळंदीला लावणे हा संशोधनाचा दुरुपयोग होईल. श्रद्धेचा आशय समजल्याशिवाय श्रद्धा मोजता येत नाही. मोजणाऱ्याला पोथी वाचावी लागेल, जसे पोथी वाचणाऱ्याला खाटेपाशी जावे लागेल.

आणि खाटेपाशी गेल्यावर आपल्या देशात काय दिसते? येथे ‘उपाय उरला नाही’ हे वाक्य दोन अर्थांनी उच्चारले जाते. कधी वैद्यकाची सीमा आलेली असते, कधी पैशांची. जमीन गहाण पडली, उसनवारी संपली, मग रुग्णाला ‘वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध’ अशी सही करून घरी नेले जाते. कागदावर तो नातेवाइकांचा निर्णय असतो. त्या मरणाला इच्छामरण म्हणायचे काय? कोणाची इच्छा? भारतात औषधासाठी अफू कायदेशीरपणे पिकते, तरी १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतके दुर्मीळ केले की २०१४ साली त्यात सुधारणा करावी लागली. लॅन्सेट आयोगाने २०१७ साली मांडलेल्या हिशेबात भारताची वेदनाशामक अफूजन्य औषधांची गरज जेमतेम ४ टक्के भागत होती. ज्या तालुक्यात मॉर्फिनची गोळी पोहोचलेली नाही, तेथल्या रुग्णाची वेदना ‘निष्प्रतिकार’ आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? तिच्यावर उपाय आहे. तो तिच्यापर्यंत आलेला नाही एवढेच. शास्त्रातल्या अपवादाचा लाभ व्यवस्थेच्या नाकर्तेपणाला देण्यासारखा दुसरा अधर्म नसेल.

पाहण्याने निर्णय कसा बदलतो याचा दाखला मुंबईतच आहे. अरुणा शानबाग यांच्यासाठी केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा अर्जातले त्यांच्या अवस्थेचे वर्णन आणि केईएम रुग्णालयाचे उत्तर यांत तफावत दिसली. न्यायालयाने तीन डॉक्टर पाठवून त्यांना प्रत्यक्ष तपासायला लावले. ७ मार्च २०११ रोजी अर्ज फेटाळला गेला, आणि त्याच निकालाने निष्क्रिय दयामरणाची वाट तत्त्वतः मोकळी केली. पुढे २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय निर्देश मान्य केले. २०२३ साली त्यांची किचकट पद्धत सुलभ केली. या साऱ्याच्या मुळाशी, तीन डॉक्टर एका खाटेपाशी जाऊन उभे राहिले, ही साधी गोष्ट होती.

धर्माचार्यांकडे आमची मागणी मोठी नाही. त्यांनी मतदान घेऊ नये, तत्त्वे बदलू नयेत. आपल्या निर्णयात वस्तुस्थितीची कोणती विधाने गृहीत धरली आहेत ती उघड सांगावीत, आणि ती खोटी ठरली तर निर्णय फिरवण्याची तयारी ठेवावी. संथारा असो, प्रायोपवेशन असो की यंत्र काढण्याचा निर्णय असो, त्याआधी वेदनाशमनाचे उपचार मिळाले होते की नाही याची नोंद राहावी, आणि ती अभ्यासकांना पाहू द्यावी.

१९५५च्या सप्टेंबरात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागरांनी सल्लेखनेने देह ठेवला. हेही नाव वादात दाखल्यासारखे फेकले जाते. पण त्या व्रताची सुरुवात कशी झाली ते कोणी सांगत नाही. आचार्यांची दृष्टी गेली होती. पावलाखालचा जीव दिसेना, तेव्हा अहिंसाव्रत पाळणे अशक्य झाले, म्हणून त्यांनी हा मार्ग धरला. तत्त्व शास्त्राचे होते. डोळे काम देतात की नाही, हे मात्र त्यांना शास्त्राने सांगितले नव्हते. ते त्यांनी पाहिले होते.